पत आधी जाते, माणसं नंतर रस्त्यावर येतात

प्रश्न असा आला : "काका, मी अमळनेरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, तिन्हीकडे लोक रस्त्यावर आले, सरकारं गेली आणि त्या देशांची जगात किंमत उतरली. आमचे अण्णा म्हणतात, मोर्चे-आंदोलनांनी देश बदनाम होतो, बाहेरचा पैसा पळून जातो. तुम्ही इतकी वर्षं बांगलादेशाला रुई पाठवता. तुम्हाला काय दिसलं?"

अण्णांना माझा नमस्कार सांग. त्यांनी पाहिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, क्रम मात्र उलटा लागलाय.

मी जिनिंगवाला माणूस. धरणगाव-एरंडोल पट्ट्यातला कापूस घ्यायचा, रेचून सरकी वेगळी करायची, रुईची १७० किलोची गाठ बांधायची आणि विकायची. तीसेक वर्षं झाली या धंद्याला, त्यातली निम्म्याहून जास्त बांगलादेशाच्या गिरण्यांबरोबर. राजकारण मला कळतं असा माझा दावा नाही. पण देशाची पत हा पेपरवाल्यांसाठी शब्द असतो, आम्हाला ती टक्क्यांत दिसते. ती कशी, ते आधी सांगतो, कारण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हे मिळणार नाही.

मी ढाक्याजवळच्या गिरणीला शंभर गाठी विकल्या. तो मला ओळखतो, मी त्याला. पण माल निघाल्यावर पैसे येतीलच याची हमी त्याची बँक कागदावर देते. तो कागद म्हणजे एलसी. आता गिरणीवाल्याजवळ त्यांचा टाका असेल, पण बँकेजवळ डॉलरच नसले तर? म्हणून मी माझ्या बँकेला विचारतो, या एलसीवर तुझी हमी जोडतेस का? त्याला कन्फर्मेशन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. या हमीचा दर म्हणजे त्या देशाची पत. दर वाढला की समजायचं, तिकडे काहीतरी बिनसलंय. आणि एके दिवशी बँक म्हणते, 'शेठ, या देशाचं कन्फर्मेशन सध्या नको', तेव्हा समजायचं की बिनसून बरेच दिवस झालेत. निर्यातीचा विमा उतरवणारी आपली सरकारी ईसीजीसीसुद्धा देशांची ए-१ पासून डी पर्यंत वर्गवारी लावते. ती यादी मी वर्तमानपत्राच्या आधी बघतो.

आता बांगलादेशाचं ऐक. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्याकडे परकीय चलनाची ४८ अब्ज डॉलरची गंगाजळी होती. त्या काळात मी कन्फर्मेशन मागतसुद्धा नव्हतो. मग २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल आणि गॅस महागले. जुलै २०२२ मध्ये त्यांनी डिझेलवरची वीजकेंद्रं बंद केली, लोडशेडिंग सुरू झालं, चैनीच्या वस्तू मागवायच्या तर एलसीची पूर्ण रक्कम आधी भरा असा नियम आला आणि नाणेनिधीकडे कर्जाचा अर्ज गेला. वर्षाच्या सुरुवातीला ८६ टाक्यांना मिळणारा डॉलर वर्ष संपायच्या आत शंभरीपार गेला. तेव्हा ढाक्यातले विद्यार्थी कुठे होते? वर्गात.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. माझे कागद त्यांच्या बँकेत पोचले आणि आठवडाभराने निरोप आला, डिस्क्रेपन्सी आहे. काय, तर इन्व्हॉइसवर धरणगावच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी पडला होता. एलसीत होता, इन्व्हॉइसमध्ये नव्हता. आधी असल्या चुका एका फोनवर माफ व्हायच्या. या वेळी बँक कागद धरून बसली. मी गिरणीवाल्याला फोन लावला. तो बिचारा हळू आवाजात म्हणाला, "दादा, टाका आछे, डॉलर नाई." टाका आहे, डॉलर नाही. त्या 'ए'च्या आडोशाला बँक सत्तेचाळीस दिवस बसली. माझ्या आवारात शेतकरी येऊन विचारायचे, "काय शेठ, पैसा उना का?" त्यांना मी ढाक्याच्या गंगाजळीचं काय सांगणार? जळगावच्या बँकेतून व्याजाने पैसे उचलून त्यांचे चुकते केले. तीन पैशांचा धंदा आणि चार पैशांचं व्याज.

देशांची पत जोखून मानांकन देणाऱ्या मूडीज या संस्थेने बांगलादेशाचं मानांकन मे २०२३ मध्ये उतरवलं. तशाच दुसऱ्या संस्थेने, फिचने, मे २०२४ मध्ये. आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी मोठ्या संख्येने रस्त्यावर आले ते जुलै २०२४ मध्ये. म्हणजे बाहेरच्या जगाने पहिला शेरा मारल्यानंतर वर्षभराहून जास्त काळाने. गंगाजळी तोवर जवळपास निम्म्यावर आली होती. महागाई भिडलेली, खासगीत नोकऱ्या नाहीत, आणि सरकारी नोकरीत ३० टक्के जागा स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठी राखून ठेवायचा निकाल जूनमध्ये न्यायालयाने दिलेला. तू स्वतः परीक्षा देतोस, तुला त्या पोरांचा राग मी समजावून सांगायची गरज नाही.

अण्णा मात्र अगदीच चूक नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मूडीजने बांगलादेशाला आणखी एक पायरी खाली आणलं, ते सरकार पडल्यानंतर, आणि राजकीय अस्थिरता हे कारण त्यात स्पष्ट होतं. माझंही नुकसान झालं. १८ जुलैला तिकडचं इंटरनेट बंद पडलं आणि माझे दोन ट्रक बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याच्या रांगेत अडकले. पलीकडे बेनापोल, मध्ये दोनशे पावलं, आणि कागद पुढे सरकेना. कोलकात्याचा क्लिअरिंग एजंट रोज सकाळी तेच सांगायचा, "नेट नाही, कस्टम बसून आहे." पावसाळ्याचे दिवस, ट्रकवर ताडपत्री, रुई ओल ओढते म्हणून माझा जीव टांगणीला. ट्रकवाला उभं राहण्याचे पैसे मागत होता, ते दिले.

आता हे नुकसान कोणाच्या खात्यावर लिहायचं? मोर्चा काढणाऱ्यांच्या की इंटरनेट तोडणाऱ्याच्या? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नंतर जो अहवाल दिला त्यात १ जुलै ते १५ ऑगस्ट या दिवसांत १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत असा अंदाज आहे, बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळीने. युरोपातला कपडे विकत घेणारा माणूस टीव्हीवर तेच बघत होता. घोषणा त्याला समजत नव्हत्या, गोळ्या समजत होत्या. माझा हिशेब असा : मोर्च्याने माझे दिवस जातात, सरकार कसं वागलं त्याने वर्षं जातात.

श्रीलंकेत माझा व्यवहार किरकोळ, पण क्रम तिथे आणखी ठळक दिसतो, म्हणून तारखा लिहून घे, परीक्षेलाही येतील. २०१९ च्या शेवटी नव्या सरकारने व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. लोक खूश. तिजोरी आटली. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटन बसलं, आणि त्या वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबरात मूडीज, फिच, एस अँड पी तिघांनीही मानांकन तळाजवळ नेलं. म्हणजे बाहेरून नवं कर्ज मिळायची वाट बंद. २०२१ मध्ये डॉलर वाचवायला, नाव सेंद्रिय शेतीचं, रासायनिक खताची आयातच थांबवली. भात आणि चहा दोन्ही झोपले, नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्याकडे पोळ्यानंतर युरिया चार दिवस उशिरा आला तर तालुक्याच्या दुकानासमोर काय होतं ते तुझ्या अण्णांना विचार. तिथे अख्ख्या देशाला सांगितलं होतं, मिळणारच नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या घरासमोर लोक जमले ते ३१ मार्च २०२२ ला. देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवल्याचं जाहीर केलं १२ एप्रिलला. अंतर बघ, जेमतेम बारा दिवसांचं. बारा दिवसांत कोणी ५१ अब्ज डॉलरचं कर्ज करत नाही. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले, तिथल्या तलावात पोहले, आणि १४ जुलैला सिंगापुरातून राजीनामा आला. जगभर दिसली ती पोहणारी माणसं. अण्णांच्या मनातही तेच चित्र बसलं असणार. आणि एक गंमत अशी, की नाणेनिधीचं जवळपास ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं ते मार्च २०२३ मध्ये, म्हणजे लोकांनी त्या सरकारला घरी पाठवल्यावर. बाहेरचा पैसा परत आला तो असा.

नेपाळवर मी फार बोलणार नाही, तिकडे माझा व्यवहार नाही. पण काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफने नेपाळला करड्या, म्हणजे देखरेखीखालच्या देशांच्या, यादीत टाकलं फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि तरुण रस्त्यावर आले सप्टेंबरात. क्रम तोच.

आता आपल्या घरात येऊ.

मी धंद्यात नवा होतो तेव्हा, १९९१ साली, आमच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या हायड्रॉलिक पंपाचा एक सुटा भाग बाहेरून मागवायचा होता. बँकेने सांगितलं, मालाच्या किमतीच्या दुप्पट रोख आधी ठेवा. वडिलांना वाटलं मी ऐकण्यात चूक केली, ते स्वतः जाऊन विचारून आले. देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर होते. त्या जुलैत जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं गेलं. त्याच्या आधीचं वर्ष मंडल आणि मंदिराच्या आंदोलनांनी पेटलेलं होतं, म्हणून आमच्या गावात सगळे म्हणत, या दंगलींनी देश बुडवला. दंगलींनी माणसं मेली, घरं जळली, ते वेगळं. पण डॉलर संपले ते वर्षानुवर्षांच्या तुटीने, आखाती युद्धात भडकलेल्या तेलाने आणि अनिवासी भारतीयांनी काढून नेलेल्या ठेवींनी. प्रेस दोन महिने बंद राहिली. शेवटी जळगावच्या एका लेथवाल्याने जुनाच भाग घासून-भरून बसवला आणि तो पुढे सात वर्षं चालला, हे जाता जाता.

याच्या उलट पाहायचं तर २०२० घे. मूडीजने भारताचं मानांकन खाली आणलं १ जूनला. तेव्हा देशभर टाळेबंदी नुकती सैल होत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नोव्हेंबरात शेतकरी दिल्लीच्या सीमेवर, सिंघू आणि टिकरीला, जाऊन बसले. वर्षभर बसले. परदेशात त्याची चर्चा झाली, बदनामीचे शब्द इकडेही फेकले गेले. आणि ते तिथेच बसलेले असताना, ऑक्टोबर २०२१ मध्ये, त्याच मूडीजने भारताबद्दलचा अंदाज 'नकारात्मक' वरून 'स्थिर' केला. कारणं बँकांची आणि वाढीची. सीमेवरच्या तंबूंचा त्या हिशेबात वजनाला काही भाव नव्हता.

आंदोलनाने जगात थेट परिणाम घडवला असं उदाहरण हवं असेल तर ते आपल्या खानदेशातच आहे, आणि अण्णांना ते आठवत असेल. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. मणिबेली हे पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव, सातपुड्याच्या पार टोकाला. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, ते धुळ्यात होतं. तिथल्या आदिवासींनी हलायला नकार दिला. आरडाओरड इतकी झाली की बँकेने स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ मध्ये मोर्स समितीने सांगितलं की ठरल्याप्रमाणे पुनर्वसन होत नाहीये, बँकेने मागे सरून विचार करावा. मार्च १९९३ अखेर भारताने उरलेलं कर्ज घेणं थांबवलं.

तेव्हा जळगाव-धुळ्यात माझ्या ओळखीचे व्यापारी खवळले होते. देशाची नाचक्की केली म्हणायचे. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू? पण पुढे एका वकील मित्राने मला समजावलं ते पटलं. जमिनीला जमीन देऊ, हा शब्द सरकारने मणिबेलीच्या माणसाला दिला होता, आणि तोच शब्द कर्जाच्या कागदावर बँकेलाही दिला होता. एकच शब्द, दोन ठिकाणी. डोंगरातल्या माणसाजवळ तो मोडला, तर वॉशिंग्टनमध्ये तो मोडला म्हणून निघणारच. आदिवासींनी फक्त खातेवही उघडून दाखवली. धरण पुढे आपल्या पैशाने झालंच आणि भारताला जागतिक बँकेची कर्जं मिळतच राहिली. देशाची नाचक्की म्हणतात ती तेवढी टिकली नाही. विस्थापितांचे प्रश्न मात्र तीस वर्षांनी अजून मिटलेले नाहीत.

माझी स्वतःची पत गेली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा रस्त्यावर एक माणूस नव्हता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने कापसाच्या निर्यातीची नोंदणीच थांबवली. सौदे झालेले, काहींच्या गाठी बंदराकडे निघालेल्या. आणि ५ मार्च २०१२ ला सरळ बंदी. सोमवार होता. मी आवारात मापाड्याशी वाद घालत होतो आणि मुंबईच्या दलालाचा फोन आला, "शेठ, बंद." मला वाटलं बाजार बंद. देशाच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी, शरद पवारांनी, आपल्याला विश्वासात घेतलं नाही म्हणून जाहीर नाराजी सांगितली. आठवड्यात बंदी मागे घेतली गेली, पण झालेल्या नोंदी पुन्हा तपासायचं लचांड मागे राहिलं. तेव्हाचा माझा एक जुना ग्राहक, गुजरातीत बोलणारा, बांगलादेशातल्या चट्टग्रामचा. त्याने पुढच्या हंगामात निम्मी रुई आफ्रिकेतून घेतली. मी विचारलं, माझ्या मालात खोट निघाली का? तो म्हणाला, "तमारा मालमां नहीं." पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही, भला माणूस.

कांद्यात हेच. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३, तीन वेळा एका रात्रीत बंदी. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा हसत हसत हिंदीत बोलल्या, आधी कळवत तरी जा, मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. सभागृह हसलं. मी टीव्हीसमोर एकटाच, मला हसू आलं नाही.

आपल्या खानदेशाला हा धडा नवा आहे असंही नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती तेव्हा लिव्हरपूलला खानदेशी रुई सोन्याच्या भावाने जात होती. त्या हव्यासात गाठीत दगड-माती, सरकी भरली गेली. इतकी, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. आपल्या मालाला नाव ठेवायची लिव्हरपूलची सवय मात्र नंतरही बराच काळ टिकली.

तर तुझ्या प्रश्नाला उत्तर : मला जे दिसलं त्यात पत आधी गेली, टक्क्याटक्क्याने, आणि ती जाताना कुठे आवाज झाला नाही. लोकांना ते बँकेच्या कागदावर दिसत नाही, त्यांना ते गॅसच्या रांगेत, खताच्या दुकानात, नोकरीच्या यादीत दिसतं, म्हणून ते उशिरा येतात आणि रागाने येतात. आणि अण्णांना नंदुरबारच्या शिरीषकुमारची आठवण कर. ९ सप्टेंबर १९४२ ला पोरं झेंडा घेऊन निघाली, पाच जण गोळ्यांनी गेले. गोऱ्या सरकारच्या दप्तरी तोही बेकायदा जमावच होता.

हे लिहीत होतो आणि २०२५ च्या हंगामातला एक प्रसंग आठवला. त्या वर्षी अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड गिरण्या अडचणीत आल्या, म्हणून १९ ऑगस्टपासून सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले. दहा दिवसांत ते ३१ डिसेंबर केलं. आपल्या शेतकऱ्याने पेरणी जूनमध्येच केली होती, शुल्क आहे असं धरून. तेव्हा एरंडोलकडचा एक म्हातारा शेतकरी पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन आला. गाडीवरून उतरला, टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, "शेठ, आते इकू का जानेवारीमा इकू? डिसेंबर नंतर ते कर परत लावतीन ना?"

मी म्हटलं, कागदावर तरी तसंच आहे.

"पहिले सप्टेंबर सांगेल व्हतं ना?"

मी मीटर कापसात खुपसलं. आर्द्रता साडेपंधरा निघाली, हमीभावाच्या केंद्रावर बारापर्यंतच चालते. त्याला म्हटलं, दोन दिवस अंगणात वाळव, मग बघू. त्याने गाडी वळवली.